जाळीवरचा पोचा

कसबा पेठेत आमच्या सरांची खोली आहे. तिथे कपाटभर पुस्तकं आहेत, संगणक आहे, चहाची सोय आहे, पण तिथे बसून पुस्तक वाचून रेकॉर्ड करता येत नाही. खालच्या मजल्यावर तांब्याची भांडी घडवतात. सकाळी नऊला ठोकाठोकी सुरू होते ती दिवेलागणीपर्यंत. म्हणून सरांनी तोडगा काढला. माईक एकच, वाचणाऱ्या आम्ही चौघी, आणि माईकने आठवडाभर एकेकीच्या घरी राहायला जायचं. सर स्वतः दृष्टिहीन, शाळेत शिकवून निवृत्त झालेले. आम्ही वाचतो ती पुस्तकं त्यांच्यासारख्याच, डोळ्यांनी न दिसणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींसाठी असतात.

माईकला सर 'पाहुणा' म्हणतात. दर शनिवारी सकाळी आम्ही चौघी जमतो आणि तो एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातो. देणारीने म्हणायचं, "पाहुणा सुखरूप आहे." घेणारीने म्हणायचं, "मी सांभाळीन." सरांना दिसत नाही, तेव्हा हे शब्द कानांवर पडले की त्यांचं समाधान होतं. पहिल्यांदा मला हा पोरकटपणा वाटला होता. नंतर सवय झाली, आणि सवय झाल्यावर त्या शब्दांकडे लक्षही जाईनासं झालं.

चौघींतली मी पहिली. पाहुणा यायच्याही आधीपासून, मोबाइलवर वाचून सरांना द्यायचे तेव्हापासूनची. कॉलेजात वक्तृत्वाचे कप मिळवले होते. पुढे विम्याच्या कचेरीत पस्तीस वर्षं तो आवाज "पुढच्या खिडकीवर जा" म्हणण्यात गेला. निवृत्तीनंतर सरांनी मला शोधून काढलं आणि पहिलाच धडा ऐकून म्हणाले, "आपलं वाचन अगदी शुद्ध आहे." ते वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवत होते. माझा ण कधी न होत नाही, ळ कुठे गिळला जात नाही, स्वल्पविरामाला मी स्वल्पविरामाएवढीच थांबते. शनिवार पेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी दोन ते चार मी खिडक्या लावते, पंखा बंद करते, कपाटाची दारं उघडी टाकून त्यांवर गोधड्या पसरते आणि घामाच्या धारा पुसत वाचते. त्या दोन तासांत नवऱ्याला घरात मिक्सर, टीव्ही आणि शिंक, तिन्हींची बंदी असते.

आणि मग ती आली.

ती यवतमाळकडची. वाघोलीत मैत्रिणींबरोबर खोली करून राहते, आयटीत नोकरी. वय माझ्या अर्ध्याहून कमी. पहिल्या शनिवारी आली तेव्हा घामाघूम होऊन म्हणाली, "सॉरी सर, बस लईच हळू चालून राहिली होती." मी मनात म्हटलं, झालं, आता ही पुस्तकं वाचून राहणार. तिचा पहिला धडा आम्हा सगळ्यांना ऐकायला पाठवला तेव्हा मी पेन्सिल घेऊन बसले आणि चुका टिपल्या. सतरा निघाल्या. तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, सरांनी विचारलं तर असावा म्हणून.

सरांनी विचारलं नाही. महिन्याभराने ते म्हणाले, "मुलं हिचेच धडे पुन्हा पुन्हा मागतात. एक मुलगी म्हणाली, काकू वाचतात आणि ताई सांगतात." सरांनी ते मोठ्या कौतुकाने सांगितलं आणि माझ्याकडे, म्हणजे मी बसते त्या दिशेला, वळून हसले. मीही हसले. हसण्याचा आवाज आला पाहिजे म्हणून जरा मोठ्यानेच हसले.

त्या दिवसापासून माझा जो जळफळाट सुरू झाला तो काही केल्या थांबेना. खोटं कशाला सांगू, मला त्या पोरीचं सगळंच खुपायला लागलं. तिची पाठीवरची सॅक खुपायची, तिने सगळ्यांसाठी आणलेली मिरगुंडं खुपायची, तिने मला "काकू" म्हणणंही खुपायचं, आणि तिने नुसतं "मॅडम" म्हटलं असतं तर तेही खुपलं असतं. या वयात असं वाटणं बरं नव्हे, हे मला कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

मग ते पुस्तक आलं. एका बाईचं जाडजूड आत्मचरित्र, मी तरुणपणी तीनदा वाचलेलं. मुलांनी मागितलं म्हणून सरांनी वाचायला काढलं आणि तिला दिलं. मला क्रमिक पुस्तकातला अर्थशास्त्राचा धडा दिला. "आपल्याइतके आकडे कोणी स्पष्ट वाचत नाही," सर म्हणाले.

पुढे माझी पाळी आली आणि पाहुणा माझ्याकडे आला. मंगळवारी दुपारी गोधड्या पसरल्या, खिडक्या लावल्या, धड्याची चार पानं वाचली, आणि पाचव्या पानाऐवजी तिची फाइल लावली. आत्मचरित्राचं पहिलं प्रकरण तिने मागच्या फेरीत वाचलं होतं. मी ठरवून ऐकलं नव्हतं. आता डोक्याला हेडफोन लावून, चोरून ऐकावं तसं ऐकत बसले. तिचे उच्चार तसेच होते, थोडे इकडचे, थोडे तिकडचे. पण एका ठिकाणी, लेखिका लहानपणी आईची साडी नेसून पडते तिथे, तिला वाचता वाचता हसू आलं होतं आणि ते तिने कापून टाकलं नव्हतं. हसू दाबत ती पुढचं वाक्य वाचत गेली. ते वाक्य मी तीनदा वाचलं होतं, मला कधी हसू आलं नव्हतं. आता मात्र आलं. मी हसले आणि त्याच क्षणी मला तिचा असा राग आला की काय सांगू.

"झालं का गं वाचून?" नवऱ्याने दार ढकललं.

मी रंगेहाथ सापडल्यासारखी ताडकन उठले. आमच्या माईकमध्ये हेडफोनची वायर माईकच्याच बुडात खुपसायची असते. मी उठले, वायर ताणली, आणि पाहुणा टेबलावरून सरळ पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटला आणि तिथून फरशीवर गेला.

"पडला," नवरा म्हणाला. तेवढं मला दिसलं होतं.

उचलून पाहिला. स्टँडमध्ये तो सैल होऊन वाकडा झाला होता. वरच्या जाळीला एका बाजूला पोचा आला होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा, पण उजेडात लगेच डोळ्यांत भरणारा. मी तो पोचा अंगठ्याने दाबून पाहिला, नखाने उचकून पाहिला. जाळी हट्टी होती. शेवटी मी माईक स्टँडमध्ये फिरवला, पोचा भिंतीकडे केला आणि स्क्रू घट्ट आवळला. माझ्या बाजूने पाहुणा नवाकोरा दिसायला लागला.

मग पाचवं पान वाचलं आणि ऐकलं.

आवाज लांबून येत होता. पोकळ, मंद, तोंडावर पदर धरून शेजारच्या खोलीतून बोलावं तसा. आधीच्या चार पानांत माझा ण ठणठणीत वाजत होता. आता तो ण आहे की न हे मलाच सांगता येईना. मी जवळ जाऊन वाचलं, ओरडून वाचलं, संगणक बंद करून चालू केला, वायर काढून पुसून घातली. प्रत्येक वेळी तोच लांबचा आवाज. "एक ते दहा आकडे म्हणते, तुम्ही ऐका," असं नवऱ्याला म्हटलं. त्याने हेडफोन लावून गंभीरपणे दहापर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "मला तर रोजच असं ऐकू येतं."

चेष्टा त्याला सुचत होती, मला घाम सुटला होता. माईक माझा नव्हता. तो बिघडला असेल तर चौघींचं काम थांबणार होतं आणि मुलांची परीक्षा तोंडावर होती. सरळ सरांना फोन करायचा, "सर, पडला" म्हणायचं, एवढंच होतं. फोन मी तीनदा हातात घेतला. पण पडला कसा, हे सरांनी विचारलं असतं. मी काय करत होते तेव्हा? तिचा आवाज चोरून ऐकत होते? आणि सगळ्यात आधी पाहुण्याला पाडणारी कोण, तर चौघींतली पहिली, शुद्ध वाचणारी. धडा मी तशाच आवाजात पुरा केला आणि सरांना पाठवून दिला.

नंतर जे मनात आलं ते इथे लिहायला हवं, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. पुढची पाळी तिची होती. माझ्या मनात आलं, जाऊ दे तिच्याकडे. ती आत्मचरित्राचं दुसरं प्रकरण वाचेल, आवाज लांबून येईल, मुलांना कळेल की ताईसुद्धा नुसती वाचतेच. बिघाड तिच्याकडे सापडेल. हा विचार आला आणि मला बरं वाटलं. त्या रात्री मी छान झोपले.

शनिवारी सरांच्या खोलीत तिने माईक माझ्या हातून घेतला. खाली ठोकाठोकी चालू होती. मी म्हटलं, "पाहुणा सुखरूप आहे." माझा आवाज जराही हलला नाही, ते कसब माझ्याकडे आहेच. ती म्हणाली, "मी सांभाळीन," आणि स्वतःच्या ओढणीत गुंडाळून, जेवणाचा डबा बाहेर काढून, सॅकच्या मधल्या कप्प्यात तो ठेवला. डबा तिने हातात धरला. पोचा तिच्या लक्षात आला नाही. जिन्यात म्हणाली, "काकू, तुमचे आकडे काय मस्त असतात ना. मला तर करोडमध्येच धाप लागते."

"सरावाने जमतं," मी म्हटलं.

बुधवारी सरांचा फोन आला. "अहो, आपला धडा ऐकला. पहिली चार पानं उत्तम आहेत. पुढे मात्र, राग मानू नका, पण आपण माझ्याकडे पाठ करून वाचत होतात का?"

"सर्दी होती, सर," मी म्हटलं.

"सर्दीचा आवाज वेगळा असतो," सर म्हणाले. "असो. पुढच्या पाळीला पुन्हा वाचा."

गुरुवारी तिचं दुसरं प्रकरण सगळ्यांना आलं. मी हेडफोन लावून, मन घट्ट करून, खरं म्हणजे अधीर होऊन ते लावलं. आवाज स्वच्छ होता. अगदी कानाशी, शेजारी बसून शेंगा सोलत बोलावं तसा. एक शब्द लांबून येत नव्हता.

म्हणजे माईक बिघडलेला नव्हता. याचा आनंद व्हायला हवा होता. मी त्या खुर्चीत बसून राहिले आणि मला रडू यायला लागलं. माईक धड असेल, तर त्या पोकळ, मंद आवाजाला दुसरं कारण उरत नव्हतं. तो माझाच होता. म्हातारपण गुडघ्यात येतं, डोळ्यांत येतं, ते मी सोसलं होतं. पण गळ्यात असं एका दुपारी येऊन बसेल हे ठाऊक नव्हतं. त्याच माईकवर तिचा आवाज तसा आणि माझा असा. दोन दिवस मी घरात फारसं बोललेच नाही. मनातल्या मनात मात्र एकच धोशा चालू होता: तो माईक मोडला असता तर फार बरं झालं असतं.

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. डोळे सुजलेले. पाहुणा ओढणीतच गुंडाळलेला, मांडीवर. बाकीच्या दोघी आल्या, चहा झाला, सरांनी हात पुढे केला. तिने देताना जे म्हणायचं ते म्हटलं नाही.

"सर, पाहुणा सुखरूप नाहीये," ती म्हणाली. "माझ्याच्यानं जाळीला पोचा पडला. मागच्या शनिवारी बसमध्ये उभी होती, गर्दीत सॅक दांड्याला आपटली. घरी जाऊन पाहिलं तर पोचा. मी सांभाळीन म्हटलं होतं ना सर. रोज तेच मनात येऊन राहिलं."

सरांनी माईक हातात घेतला. अंगठा जाळीवरून फिरत गेला आणि पोच्यावर थांबला. मग खाली, कंपनीचं नाव उठावात कोरलंय तिथे गेला. ते नाव मला आजवर शोभेचं वाटत आलं होतं.

"इतकंच ना? आत काही झालेलं नाही, तुझं प्रकरण स्वच्छ आलंय," सर म्हणाले. "पोचा बरोबर समोरच्या बाजूला आहे. आपला पाहुणा एकाच बाजूने ऐकतो, माहीत आहे ना? नाव आहे ती बाजू. मागून बोललं तर त्याला धड ऐकू जात नाही. घरी बसवताना नाव आपल्याकडे ठेवायचं."

"माझ्या घरी वेगळा स्टँड आहे सर, त्यात बसवताना नाव समोर घेतलं," ती म्हणाली, "तेव्हाच पोचा दिसला."

मला सगळं एका क्षणात उलगडलं. पोचा समोरच्या बाजूला होता. तो दिसू नये म्हणून मी समोरची बाजू भिंतीकडे फिरवली होती, आणि मग त्याच्या पाठीला दीड तास अर्थशास्त्र वाचून दाखवलं होतं. माझ्या गळ्याला काही झालेलं नव्हतं. हे कळल्यावर मला आधी लाज वाटली असं लिहिता आलं असतं, पण तसं झालं नाही. मला आधी आनंद झाला, नुसता उकळी फुटल्यासारखा. माझा आवाज शाबूत होता. समोर ती पोर डोळे पुसत होती आणि मी मनातल्या मनात माझा ण म्हणून पाहत होते.

"सर," ती म्हणाली, "या पुस्तकाचं पुढचं वाचन काकूंना द्या. वाघोलीहून आणण्या-नेण्यात पुन्हा काही झालं तर मला सोसणार नाही. काकूंकडे पाहुणा नीट राहतो."

सर माझ्या दिशेला वळले. "काय हो? घ्याल?"

ते आत्मचरित्र टेबलावर होतं, तिसऱ्या प्रकरणाशी तिच्या बसच्या तिकिटाची खूण घातलेलं. ते पुस्तक मला पहिल्या दिवसापासून हवं होतं. मी नुसतं "घेईन" म्हटलं असतं तर कोणालाही काही कळलं नसतं. माझं तोंड उघडलंही होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत मला इतके दिवस हवा होता तो सगळा आदर होता.

"पोचा माझ्या हातून पडलाय," मी म्हटलं. "तिच्याकडे द्यायच्या आधी. मंगळवारी. मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून मी सुखरूप म्हटलं."

खाली हातोडी चालू होती. बाकीच्या दोघींनी कप खाली ठेवले.

"तरीच," सर एवढंच म्हणाले.

ती मात्र माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं. "मी जिन्यात तुमच्याशी बोलत होती, तेव्हा पण?"

"हो."

"आठ दिवस मी धड जेवली नाही काकू," ती म्हणाली. तिने पुस्तक उचललं, सॅकमध्ये टाकलं आणि निघून गेली. तिची पायरी चुकल्याचा आवाज आला. मी उठले नाही.

तीन आठवड्यांनी पाहुणा माझ्याकडे आला. परीक्षेआधी तिसरं प्रकरण व्हावं म्हणून सरांनी मधला एक जादा आठवडा तो तिच्याकडे दिला होता. मधल्या काळात ती शनिवारी यायची, सगळ्यांशी बोलायची, माझ्याशी कामापुरतं. काकू म्हणायची नाही. मला कशानेही हाक मारायची नाही. खुपायचं ते सगळं बंद झालं आणि तेच खुपायला लागलं.

घरी येऊन मी गोधड्या पसरल्या, खिडक्या लावल्या आणि माईक टेबलावर ठेवला. नावाच्या शेजारी कोणीतरी लाल टिकली चिकटवली होती, पुढे-मागे चुकू नये म्हणून. कोणी, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्यात तशा टिकल्या ती एकटीच लावते.

हेडफोन लावले आणि आधी तिचं तिसरं प्रकरण ऐकलं, या वेळी दार उघडं ठेवून. सुंदर वाचलं होतं तिने. मला हेवा वाटला, पहिल्याइतकाच, तसूभरही कमी नाही. एका जागी लेखिकेला शेजारीण फसवते, तिथे तिचा आवाज जरासा कापला होता, आणि तेही तिने कापून टाकलं नव्हतं. ते मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

मग अर्थशास्त्राचं पाचवं पान उघडलं. पाहुणा नीट बसवला. बरोबर बसवला की पोचा अगदी तोंडासमोर येतो, ओठांपासून वीतभरावर, वाचताना मान वर केली की तोच दिसतो. मी घसा साफ केला आणि त्याच्याकडे बघत वाचायला लागले.